विंचेचा पोळा

शाल, श्रीफळ आणि झेंडूचा हार या तीन वस्तू एका ताटात दिसल्या की माझ्या पोटात ढवळून येतं. माझी उभी नोकरी जहाजावर स्वयंपाक करण्यात गेली. लाटा लागल्या की शास्त्रज्ञ, खलाशी, साहेब, सगळे ओकायचे; त्यांच्या बादल्या पायानं बाजूला सारून मी भाजी फोडणीला टाकायचो, मला कधी काही झालं नाही. सत्कार बघितला की होतं. आता लातूरला शिकवणीच्या पोरांसाठी खानावळ चालवतो. समोरच्या भिंतीवर सारखे नवे फलक चढतात, कुणाचा तरी सत्कार, कुणाच्या तरी गळ्यात हार. मी त्या भिंतीकडं पाठ करून पोळ्या लाटतो. पोरं विचारतात, काका, तोंड तिकडं का? मी सांगत नाही. सांगायचं तर बिरादारांपासून सुरुवात करावी लागते, आणि बिरादार म्हणजे भात वाढता वाढता सांगून होणारा माणूस नाही.

बिरादार देवणीकडचे, मी नायगावचा. आमच्या भागातल्या माणसानं समुद्रावर नोकरी करावी हे अजूनही इकडं कुणाला खरं वाटत नाही. माझ्या गावात मी मुंबईला हॉटेलात आहे अशी समजूत होती, आणि बिरादारांच्या गावात ते मासे पकडतात अशी. बिरादार पक्के शाकाहारी. माशांचा विषय निघाला की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

आमची जहाजं मासे पकडायची नव्हतीच. सरकारनं समुद्राचा अभ्यास करायला एकाच नकाशावरून तीन जहाजं बांधायची ठरवली होती, एकामागून एक. नावं मोठी, संस्कृत, जिभेला न वळणारी. आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचो. ही जहाजं माल नेत नाहीत, प्रवासी नेत नाहीत. भर समुद्रात जायचं आणि थांबायचं. वायरला बाटल्या बांधून खाली सोडायच्या, खोलातलं पाणी वर आणायचं, तळाचा चिखल वर आणायचा, तो मोजायचा, डब्यात भरायचा, पुढं जाऊन पुन्हा थांबायचं. कोसभर खोल पाण्यात जे काही जाणार ते एका वायरला लटकून जाणार, आणि ती वायर गुंडाळणारं यंत्र म्हणजे विंच. त्या विंचेचे इंजिनीअर बिरादार. थोरलीचं लोखंड कापलं जात होतं तेव्हापासून ते तिच्याबरोबर होते.

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन तेलाच्या डब्यात दोन बोटं घातली. बोटं काळीकुट्ट, नखांत ग्रीस. तेल अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "गलीज. कालचं तळलेलं हाय हे." तळलेलं होतं, खोटं कशाला बोलू. पण सांगायची काही रीत असते का नाही? मी झारा उगारला होता. मल्लप्पा सारंगानं, म्हणजे आमच्या खलाशांच्या मुकादमानं, मधे हात घातला म्हणून भागलं. तो बिदरकडचा, शांत माणूस. मला म्हणाला, त्याला सोड, तो सगळ्यांच्याच तेलात बोटं घालतो.

खरंच घालायचे. दिसेल ती वस्तू दोन बोटांत धरून चोळायची आणि हुंगायची. इंजिनाचं तेल, भात, चादर, शास्त्रज्ञांचे सोललेले वायरचे तुकडे, एकदा तर कॅप्टनसाहेबांच्या सत्काराचा हार. हुंगून झालं की निकाल. बरं असेल तर काही बोलायचे नाहीत. वाईट असेल तर एकच शब्द, गलीज. निम्मं जग त्यांनी या शब्दात गुंडाळून ठेवलं होतं. हात धुवायचे ते साबणाच्या चुऱ्यानं, घासून घासून, तरी नखं काळीच, आणि त्याच नखांनी वरण-भात कालवायचे. मला पहिली काही वर्षं त्यांच्या समोर बसून जेवता यायचं नाही. मी स्पष्टच सांगतो, मला त्या माणसाची किळस यायची. मग एके दिवशी पिठाच्या पोत्यात मला ज्वारीचं पीठ सापडलं, मी भाकरी थापली, आणि बिरादारांनी ती हुंगून एक अक्षर न बोलता खाल्ली. तिथून आमचं जमलं. मला ते भंडारी म्हणायचे. जहाजावर आचाऱ्याला भंडारीच म्हणतात, पण ते म्हणायला लागले तेव्हा मला ते नाव माझं वाटलं.

समुद्राच्या तळाचा चिखल कसा असतो ते सांगितलं पाहिजे, कारण लोकांना मोती-बिती डोळ्यांपुढं येतात. काळा, गिळगिळीत, आणि सडक्या अंड्याचा वास. नळीतून तो बाहेर आला की शास्त्रज्ञांना पोरगं झाल्यासारखा आनंद, आणि माझ्या स्वयंपाकघरात नाक धरून उभं राहायची पाळी. बिरादारांनी एकदा त्यातला थोडा बरणीत भरून सुट्टीत गावी नेला. वडिलांना दाखवायला. वडील काळ्या रानात जन्म काढलेला माणूस, त्यांनीही तो दोन बोटांत चोळला, हुंगला, आणि बरणी उचलून उकिरड्यावर उपडी केली. म्हणाले, आपल्या रानात चिखल कमी पडला म्हून समुद्रातून आनायला पगार देतेत का तुला? ही गोष्ट बिरादार हसत सांगायचे. ते हसायचे अशा ज्या दोन-तीन गोष्टी होत्या त्यातली ही एक.

विंचेच्या बाबतीत मात्र हसणं नव्हतं. मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला मागच्या डेकवर नेलं, वायर दाखवली. करंगळीएवढी जाड. "भंडारी, ही ताणावर तुटली ना, तर ज्वारीत विळा फिरल्यावानी फिरती. मधी मानूस हाय का कडबा हाय, बघत न्हाई." मग ते मला रोज डेकवर बघायचे आणि रोज हाकलायचे.

वायर तुटू नये म्हणून करायचं काय, तर वर्षातून एकदा ती सगळीच्या सगळी खोल समुद्रात सोडायची, आणि वर येताना हातानं गोड्या पाण्यात धुवून, पुसून, तेल-ग्रीस मुरवत पुन्हा गुंडाळायची. खाऱ्या पाण्यानं वायर बाहेरून नाही, आतून सडते. पिळाच्या पोटात गंज धरतो. काम साधं, पण अख्खा दिवस खातं, आणि तेवढा दिवस विंचेला दुसरं काही करता येत नाही. तो एक दिवस बिरादारांना कुणी देईना. प्रत्येक फेरीला नवा मुख्य शास्त्रज्ञ, प्रत्येकाला जहाज कित्येक वर्षांनी मिळालेलं, एकेक तास हावऱ्यासारखा धरून ठेवलेला. पुढच्या फेरीत बघू, हे प्रत्येकाचं उत्तर. बंदरावर आल्यावर कार्यालयात विचारलं की तेही तेच, पुढच्या फेरीत बघू. पुढची फेरी म्हणजे दुसरा माणूस आणि तेच वाक्य. बिरादार माझ्याकडं येऊन भांडी घासायच्या मोरीत थुंकायचे, मी ओरडायचो, तेही ओरडायचे.

मग एका पावसाळ्यात, बंगालच्या उपसागरात, मी कॅप्टनसाहेबांना चहा घेऊन गेलो होतो. मुख्य शास्त्रज्ञही तिथंच बसले होते. बिरादार आत आले. दाढी केलेली, धुतलेला सदरा, कपाळाला चक्क कुंकू. माझ्या हातातला कप सांडायचाच राहिला. कारण हा माणूस देवाच्या फोटोलाही हुंगून गलीज म्हणेल असा.

"साहेब, उद्या पोळा हाय," ते म्हणाले. "आमच्याकडं पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत. ही विंच माझा बैल हाय. उद्या तिला जुंपनार न्हाई."

शास्त्रज्ञांचा चेहरा लाल झाला. त्यांनी इंग्रजीतून बरंच काही सुनावलं. कॅप्टनसाहेब लांबच्या प्रांतातले, त्यांना पोळा म्हणजे काय ठाऊक नव्हतं, पण धर्म म्हणजे काय आणि त्यात हात घातला की काय होतं ते चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मल्लप्पाला बोलावलं. मल्लप्पा म्हणाला, आमच्याकडंही बैलाचा सण असतो, त्या दिवशी बैल जुंपला तर घराचं वाटोळं होतं. इंजिनातला एक तेलुगू माणूस होता, त्यानंही मान हलवली. संपलं. इतकी वर्षं मागून जो दिवस मिळत नव्हता तो चहाचा कप निवायच्या आत मिळाला.

आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलाचे खांदे मळतात, ऊन पाण्यानं शेकून हळद-लोणी लावतात. बिरादारांनी देखाव्यापुरतं विंचेच्या दोन्ही बाजूंना हळद-लोणी फासलं, जहाजाच्या लाल रंगानं शिंगं रंगवल्यासारखे पट्टे ओढले. फुलं कुठली समुद्रात, मी लिंबं आणि मिरच्यांची माळ ओवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळी वायर समुद्रात सोडली आणि सहा माणसं ओळीनं उभी राहून ती धूत, पुसत, माखत वर घेत राहिली. शास्त्रज्ञांना वाटलं हाही पूजेचाच भाग. इकडं मी पुरणपोळ्या करत होतो. थोरली लाटेवर अशी लोळायची की पोळपाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचा आणि पोळी लाटता लाटता मला त्याच्यामागं चालावं लागायचं. लुगडं धुवायच्या दगडासारखा जड पोळपाट मी नंतर मुद्दाम करून घेतला.

काम उरकून बिरादार आले ते नखशिखान्त ग्रीसनं माखलेले. तीन पोळ्या खाल्ल्या, तुपासकट. मग म्हणाले, "तेलपान्याला दिवस मागितला तर देत न्हाईत. देवाला मागितला तर लगेच देतेत. गलीज लोक." आणि मला शपथ घातली, की खरं कारण कुणाला सांगायचं नाही. कळलं तर पुढच्या साली पोळा बंद. मल्लप्पाला ठाऊक, मला ठाऊक, तिसऱ्याला नाही. बाकीचे लोक वायर माखायचे ते बिरादारांच्या घरची रीत म्हणून.

पुढं दर साली पोळा झाला. मधली पाण्यात उतरली तेव्हा बिरादारांना तिच्यावर घेतलं, मागोमाग मलाही. मधली बांधताना एक मोठी बैठक झाली होती. समोसे मीच तळले होते, म्हणून मला तिथलं थोडंफार माहीत आहे. थोरलीत काय चुकलं ते सांगा, असं तिथं विचारलं. चुकलं होतं पुष्कळ. लाट वाढली की पुढच्या टोकाखालचे बुडबुडे वाहत जहाजाच्या पोटाशी बसवलेल्या खोली मोजायच्या यंत्रापर्यंत यायचे आणि ते आंधळं व्हायचं. माझ्या चुलीचा धूर थेट प्रयोगशाळेत जायचा. आणि विंच उघड्यावर, पाणी अंगावर घेत उभी. बिरादारांनी सगळं तोडून सांगितलं, समोसा हुंगून बाजूला ठेवत. मधलीवर विंचेला छप्पर मिळालं. धाकटीवर तर तिला खाली पोलादी खोलीच मिळाली, बंद दाराची, आणि चालवणारा वर थंड काचेच्या खोलीत पडद्याकडं बघत बसणार. सगळे म्हणाले, बघा बिरादार, तुमच्या बैलाला गोठा बांधला. बिरादारांनी गोठ्यात जाऊन बघितलं. ड्रमचा वरचा थर तेवढा हाताला लागत होता, खालचं काही दिसत नव्हतं. पहिल्या जहाजावर जाता येता हात लागायचा, दुसऱ्यावर वाकून लागायचा, तिसऱ्यावर कुलूप काढून. त्यांनी ते बोलून दाखवलं. ऐकणारा कुणी नव्हता, कारण ते बरोबर तेव्हाच निवृत्त होत होते आणि निवृत्त होणाऱ्या माणसाचं बोलणं म्हणजे भाषण समजलं जातं.

धाकटीवर त्यांचा भाचा लागला, नागनाथ. उदगीरची बहीण, नवरा नसलेली. ती ह्यांच्या दारात येऊन बसली की पोराला चिकटवा. वशिला म्हणजे बिरादारांच्या लेखी सगळ्यात गलीज गोष्ट, पण बहिणीपुढं चाललं नाही. एका साहेबाला फोन केला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. नागनाथ कामाला चांगला होता. उंच, हसरा, मामाची तंतोतंत नक्कल करायचा, दोन बोटं चोळून हुंगायचा सुद्धा. फक्त त्याला मामाच्या हाताखाली काम मिळालं नाही. तो चढला तेव्हा मामा उतरले होते.

मी आधीच लातूरला येऊन खानावळ टाकली होती. बिरादारांच्या निवृत्तीला काही वर्षं झाल्यावर एके दिवशी ते आले. धाकटीवर यंदा पोळ्याला मोठा कार्यक्रम आहे, तिन्ही जहाजांवर चालणारी ही रूढी सुरू करणारे म्हणून त्यांचा सत्कार करणार आहेत. "चल भंडारी, जेवन फुकट हाय," म्हणाले. वरवर नाक मुरडत होते, पण नवं धोतर घेतलेलं मी बघितलं. मनातून त्यांना बरं वाटलं होतं. मलाही बरं वाटलं. आम्ही दोघं गाडीत बसून बंदरावर गेलो.

धाकटी धक्क्याला लागलेली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होती. विंचेच्या खोलीचं दार उघडून आत असली सजावट, की लग्नाच्या मांडवानं लाजावं. झेंडू, विजेची माळ, वर फलक, फलकावर बिरादारांचा फोटो आणि खाली 'कॅप्टन'. ते कधी कॅप्टन नव्हते. साहेब लोक विंचेला टेकून फोन वर धरून फोटो काढत होते. पूजा झाली, नागनाथनं वाटीतलं हळद-लोणी घेऊन दाराजवळच्या वायरला चोळलं, टाळ्या झाल्या. मग शाल, श्रीफळ, हार. भाषणं. पोळ्याला दिवसभर विंच बंद असते म्हणून पोरांना क्रिकेट खेळायला वेळ मिळतो, असं एक जण कौतुकानं म्हणाला.

बिरादारांच्या कानांत ते गेलं. हार गळ्यात तसाच ठेवून ते विंचेजवळ गेले, हळदीच्या पिवळ्या थराखाली हात घातला, कोपरापर्यंत, आणि काढला. बोटं तांबूस. चोळली, पावडर पडली. हुंगली.

"हिला तेल कवा लावलं?"

"लावलं की मामा, आत्ताच," नागनाथ म्हणाला. "हळद-लोनी."

"आन आतल्या वायरला?"

"आतल्याला कशाला? ती दिसत न्हाई."

त्या पोराची चूक काय सांगू? त्याला जे दिसलं ते तो शिकला. त्याच्या आधीच्यांनीही तेच. बिरादारांनी खरं कारण इतकं दाबून ठेवलं होतं, आणि मल्लप्पा वारला होता, की पोळा राहिला आणि तेल गळून पडलं. कुणी कामचुकारपणाही केला नव्हता. उलट दर साली सजावट वाढवत नेली होती.

बिरादार सगळ्यांपुढं बोलले. हे असं त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगताना आवाज फाटला. पोळा खोटा आहे म्हणाले, मी रचला, तेलासाठी रचला, दुसऱ्या कशासाठी नाही. ही वायर सडली आहे, हिला माणूस लावू नका. पडद्यावाल्या इंजिनीअरनं समजावलं की सर, ताण पडद्यावर दिसतो, सगळं हिरवं आहे. एका साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, असं जाहीर बोलू नका बिरादार, लोकांच्या भावना असतात. आणि धाकटीच्या कॅप्टननं वाकून पाया पडत सांगितलं, तुमचं म्हणणं ध्यानात घेतलं, पुढच्या फेरीत बघू.

मग ते नागनाथकडं वळले. "उतर. सामान घे आन उतर."

"मामा, समद्यांसमोर? मी उतरलो तर काय म्हनतील?" तो ओशाळून हसला. "आन तुमीच सुरू केला ना पोळा."

आम्हाला मोटारीत बसवलं. जेवणाचा डबा हातात दिला. बिरादारांनी तो हुंगलाही नाही.

धाकटी सुटली, आणि त्याच फेरीत, खोल पाण्यातून चिखलाची जड नळी वर येताना, वायर तुटली. नागनाथ डेकवर होता. उजवा पाय गुडघ्याखालून गेला. जीव वाचला तो बाजूच्या माणसानं त्याला ओढलं म्हणून. चौकशी झाली, समुद्र खवळलेला होता असं ठरलं. धाकटीला नवी वायर मिळाली. मग आला पुढचा पोळा, आणि त्यांनी तो आणखी जोरात केला, वर शांतीची पूजाही घातली. आणि नागनाथचा सत्कार केला.

त्या सत्काराचा फोटो नागनाथनंच मामाच्या फोनवर पाठवला होता. बिरादार तेव्हा माझ्या खानावळीत जेवत होते. फोन मला दाखवला. नागनाथ दोन्ही काखांत कुबड्या घेऊन उभा, खांद्यावर शाल, गळ्यात हार, आणि एक साहेब त्याच्यापुढं नारळ धरून उभा. पोराला घ्यायला हात मोकळा नाही. साहेब कॅमेऱ्याकडं बघून हसतोय, आणि नारळ तसाच अधांतरी.

बिरादार उठले. लाटांवर इतकी वर्षं काढली, कधी ओकलेले मी पाहिले नव्हते. माझ्या खानावळीच्या मोरीत, पोरांच्या खरकट्या ताटांवर, ते भडाभडा ओकले. तोंड धुवून आले. "माझंच हाय ते, भंडारी," एवढंच म्हणाले. मी मोरी धुतली, आणि मला ते घाण वाटलं नाही. घाण त्या फोटोत होती.

त्यानंतर ते गावाबाहेर फारसे पडले नाहीत. नागनाथ आईला घेऊन त्यांच्याकडंच राहायला आला. या साली पोळ्याला नागनाथनं मला आवतण दिलं, काका, या, मामा कुणाशी बोलत न्हाईत, तुमच्याशी बोलतील. मी गेलो.

देवणीचं गाव, ज्या भागाच्या नावाची बैलं लोक लांबून येऊन बघतात, आणि बिरादारांच्या घरी दावणीला एक बैल नाही. भावानं कधीच विकले. अंगणात ट्रॅक्टर उभा. पुतण्यानं तो धुवून, पुसून, पुढं बाशिंग बांधून, दोन्ही बाजूंनी हार सोडून सजवला होता, बोनेटवर हळदीचे पंजे. बाहेर हलगी वाजत होती. पूजेला घरचं मोठं माणूस म्हणून बिरादारांना बोलावलं. पुतण्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की काकांना शाल पण द्यायची. मी आधी मोरी कुठं आहे ते बघून घेतलं.

बिरादार आले, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. वाकले. पुढच्या चाकाच्या सांध्यात, हाराच्या मागं, दोन बोटं घातली. चोळली, हुंगली. मग त्यांनी बाशिंग उपटलं, हार ओढले, आणि सगळा तो फुलांचा ढीग जाऊन उकिरड्यावर टाकला. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. पुतण्या हात जोडून म्हणाला, काका, मिरवणूक थांबलीय.

"जाऊ दे तिला," बिरादार म्हणाले. "हा कोरडा हाय." आणि धुतलेल्या धोतरानिशी ट्रॅक्टरखाली मातीत आडवे झाले.

पुतण्यानं हलगीवाल्यांना पुढं व्हायला हात केला. मग मिरवणूक ट्रॅक्टरविना पुढं गेली, पुतण्या शाल घेऊन तिच्यामागं. हलगीचा आवाज मारुतीकडं वळला. नागनाथ भिंतीला टेकून उभा होता. तो गोठ्यात गेला, ग्रीसची पिचकारी कमरेला खोचून आला, कुबड्या ट्रॅक्टरच्या चाकाला लावून ठेवल्या, हळूहळू जमिनीवर बसला, आडवा झाला आणि सरकत मामाशेजारी गेला. मी अंगणात एकटाच उभा. ट्रॅक्टरखालून तीन पाय बाहेर आलेले.

"इथं लावू का मामा?"

"तिथं न्हाई. आत हात घाल. दिसत न्हाई तिथं लाव."